पाट

शुक्रवारी दुपारी मी वेरेनाचा हिशेब लिहिते.
पगार नाही. एक ताट, आणि ताटात त्या दिवशी जे असेल ते.
आठवडाभर अल हमराच्या दवाखान्यात
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवते मी,
आकडे माझ्या हातून सहसा सांडत नाहीत.

सहा टेबलं. पत्र्यावर खजुरीच्या झावळ्या.
दारातली पाटी रोज सकाळी पुसली जाते
आणि सैफची पिकअप येईपर्यंत कोरी राहते.
काय आलं ते बघायचं, मग लिहायचं.
थूनच्या तळ्याकाठी तिची आई असंच करायची म्हणे,
फक्त तिथे पाण्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं.

इथे ठेवतात.
डोंगराच्या पोटातून फलज येतो, म्हणजे आपला पाटच,
आणि काठीच्या सावलीवर गाव पाळी मोजतं.
सैफची पाळी मंगळवारी, अर्धा तास,
वर एक बोटही नाही.
त्या अर्ध्या तासात बटाटे, कांदे, लसूणघास,
आणि बांधावरचं एक लिंबाचं झाड,
ज्याला कुणी पाणी देत नाही पण ते घेतं.
आमच्यात पाट वाहतोही आणि जेवायला मांडतातही,
हे वेरेनाला समजावताना माझी त्रेधा उडाली होती.

शेतापासून टेबलापर्यंत दोनशे चौदा पावलं.
मोफिजने मोजली, डोक्यावर टोपलं घेऊन.
परतीची मोजली नाहीत.
रिकाम्या माणसाची कसली मोजायची, म्हणाला.

रोश्टी: बटाटा उकडून रात्रभर ठेवायचा,
सकाळी किसायचा, तव्यात दाबायचा, मग हात लावायचा नाही.
"थालीपीठच की गं," मी पहिल्या दिवशी म्हणाले.
"हळद टाकलीस तर हिशेब दुसरीकडे लिही," ती म्हणाली.
वर बकरीचं चीज, बाजूला कांदा.
एक रियाल दोनशे बैसा.
पर्यटकाला तेच, टँकरवाल्या दाद करीमला तेच.
मी म्हटलं, पर्यटकांना तीन लाव, हसत देतील.
ती म्हणाली, म्हणूनच नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी सैफ आत आला,
मागच्या दाराने नाही, पुढच्या.
इस्त्रीची दिशदाशा, सोबत बायको शम्सा,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला.
मोफिज ओल्या हातांनी उभाच.
शम्साने काटा बाजूला सारला, बोटांनी तुकडा मोडला.
कड कुरकुरीत होती, आवाज माझ्या वहीपर्यंत आला.

मग सैफने पाकीट काढलं.
वेरेना नको म्हणाली, तो ऐकेना.
"दोनशे बैसा किलोने मी तुला बटाटा देतो,
आणि माझाच बटाटा बाराशेला खातो.
वेडा कोण?"
कुणाला हसावं कळेना. शम्सा हसली.
"बटाट्याचे दोनशे," ती म्हणाली,
"बाकीचे माझ्या बसण्याचे.
लग्न झाल्यापासून मी उभीच आहे."

वेरेनाने दोन रियाल चारशे मोजून घेतले,
सुट्ट्यासकट, मान खाली घालून.
मी वही ओढली आणि अडले.
सैफच्या पानावर फक्त देणं होतं,
येण्याचा रकाना आखलेलाच नव्हता.
पट्टी सापडेना. काट्याच्या दांड्याने रेघ ओढली.
वाकडी आली. आहे तशीच.

सालं बकऱ्यांना गेली.
माझ्या ताटापर्यंत रोश्टी संपली होती.
कांदा होता, बांधावरचं लिंबू होतं.
हळदीची पुडी माझ्या पिशवीत होती,
काढली नाही.